जामीन राहिलेला आवाज

नवऱ्याचं नाव सूर्यकांत. आपल्याला ते सांगायला काही अडचण नाही, पण सुमित्राबाईंनी लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ते तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. डोहाळजेवणाला, बारशाला बायकांनी अडवून धरलं तर उखाण्यातसुद्धा त्या ‘मोहरीरांचं नाव घेते’ म्हणून सुटका करून घेत. बँकेत किंवा पासपोर्टच्या कचेरीत कुणी विचारलं की कागद पुढे सरकवत आणि बोट ठेवत. लहानपणी आजीने सांगितलं होतं, बाईने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. सुमित्राबाई बी.एस्सी. झालेल्या होत्या. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि करून बघणं वेगळं.

त्या त्यांना ‘अहो’ म्हणत. आणि ते कधी ‘काय’ म्हणून ओ देत नसत, घसा साफ करत. एक छोटासा कोरडा खोकला. घरात कुठेही असले तरी ‘अहो’ म्हटलं की तो खोकला यायचा आणि त्या पुढचं बोलायच्या. दिल्लीत मंत्रालयात नोकरी, मग निवृत्ती, मग फरीदाबादच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरं बदलली तरी हे चाललं होतं. कधीमधी ते चिडवायचे, “एकदा नावाने हाक मारून बघ की. मी काही लगेच मरत नाही.” सुमित्राबाई म्हणायच्या, “बघायचंच नाहीये मला.”

माघातल्या एका सकाळी ते अंघोळ करून बाल्कनीशेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. सुमित्राबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पेपर मांडीवर होता आणि ते नव्हते. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांचा मुलगा सिद्धांत नोएडाला आयटीत नोकरी करायचा आणि तिथेच राहायचा. तो महिनाभर येऊन राहिला, मग शनिवार-रविवारी येऊ लागला.

होळी झाल्यावर फोन सुरू झाले.

फोन करणारा मुलगा स्वतःचं नाव आर्यन सांगायचा. फार अदबीने बोलायचा. मोहरीर साहेबांनी आमच्या अ‍ॅपवरून कर्ज घेतलं होतं, माताजी, हप्ते थांबलेत. सुमित्राबाईंना आधी वाटलं, हा फसवणुकीचा प्रकार. सिद्धांतने वडिलांचा फोन उघडून पाहिला तर अ‍ॅप होतं आणि कर्जही होतं. आणि ते कशासाठी घेतलं होतं तेही निघालं. आदल्या वर्षी सुमित्राबाईंचे दोन्ही गुडघे बदलले होते. सरकारी योजनेतून सगळा खर्च मिळाला असं ते घरी सांगत. सगळा मिळाला नव्हता. वरची रक्कम त्यांनी फोनवरून, खुर्चीत बसल्या बसल्या उचलली होती आणि पेन्शनीतून गुपचूप फेडत होते.

म्हणजे आपण चालतोय ते या पैशावर, हे सुमित्राबाईंच्या लक्षात आलं. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत गेल्या तेव्हा प्रत्येक पावलाला त्यांना गुडघ्यातला तो परका धातू जाणवला.

पैशाची त्यांना भीती नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीची, विजयाची मुलगी मैत्रेयी दिल्लीत ग्राहक न्यायालयात वकिली करायची आणि मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायची. तिने फोनवर सरळ समजावलं होतं. माणूस गेला की त्याचं कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटतं, मावशी. काकांच्या नावावर जेवढं राहिलं असेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. तुझी पेन्शन तुझी, फ्लॅट तुझ्या नावावर आहे तो तुझा. त्याला कुणी हात लावू शकत नाही. काकांच्या खात्यात गुडघ्यांपुरते पैसे होते. सुमित्राबाई म्हणाल्या, तेवढे मी देऊन टाकते, विषय संपला.

त्यांनी आर्यनला हेच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “लेकिन माताजी, आप तो गारंटर हैं।”

त्या म्हणाल्या, मी कुठेही सही केलेली नाही. तो म्हणाला, सहीची गरज नसते. आपण बोलून जामीन राहिलात. साहेबांनी हप्ते लांबवून मागितले होते, तेव्हा कंपनीने जामीन मागितला आणि आपण फोनवर होकार दिलात. ऐकवू का?

मग फोनमधून सुमित्राबाईंचा आवाज आला.

“मी सुमित्रा मोहरीर बोलतेय. माझे पती सूर्यकांत...” इथे मागे कुणीतरी खोकलं, छोटासा, कोरडा खोकला. “यांनी घेतलेल्या कर्जाला मी जामीन राहते.”

आवाज त्यांचाच होता. ‘मी’ म्हणताना त्यांचा स्वर जरा वर चढायचा, तसाच चढला होता. आणि नाव घेताना तो आवाज कुठेही अडखळला नव्हता. भाजीवाल्याला भाव विचारावा तितक्या सहज त्याने ते नाव घेतलं होतं.

सुमित्राबाईंनी विचारलं, हे कधीचं आहे. आर्यनने तारीख सांगितली. ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची होती.

त्या संध्याकाळी सुमित्राबाई जेवल्या नाहीत. आदला दिवस त्यांनी मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला. सकाळी थालीपीठ, दुपारी दोघांची झोप, संध्याकाळी खाली एक फेरी. कुठे फोन घेतला होता का? त्यांना आठवेना. मग असं वाटू लागलं, की घेतला असेल. ते म्हणाले असतील, एवढं बोल गं, आणि आपण लक्ष न देता बोललो असू. माणूस दिवसाला किती बोलतं, त्यातलं काय ध्यानात ठेवतं? नाव घेतलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. आणि त्यांनी ते ऐकलं होतं, कारण खोकले होते.

सिद्धांत शनिवारी आला. त्याने कंपनीकडून रेकॉर्डिंग मागवून घेतलं, हेडफोन लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून तो आईकडे न बघता म्हणाला, “आई, हा तुझाच आवाज आहे गं.”

“माझा आहे. पण मी बोलले नाही.”

“असं कसं होईल?”

“ते मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?”

तो समजुतीने बोलला. हल्ली मशीनने आवाज बनवता येतो हे त्यालाही माहीत होतं, ऑफिसात रोज तेच चालायचं. पण मागे बाबा खोकतायत आई, बिल्कुल त्यांचा खोकला आहे, तो कंपनीला कुठून मिळणार? त्याच वेळी कंपनीचा ईमेल आला होता. रेकॉर्डिंग खरं आहे एवढं मान्य केलंत तर दंड माफ, व्याजातलं अर्धं माफ, हप्तेही लहान करून देऊ. नाही तर जामीनदार म्हणून पेन्शनीच्या खात्यावर कारवाई. सिद्धांतचं म्हणणं होतं की मान्य करून टाकावं. यार आई, मी भरतो ना, तू कशाला त्रास घेतेस. चलो, एक क्लिक करायचंय.

सुमित्राबाई म्हणाल्या, “पैसे तू भरशील. ते नाव मी घेतलं हे कुणी भरायचं?”

सिद्धांत दिल्लीत वाढलेला. आई बाबांचं नाव घेत नाही हे त्याला माहीत होतं, का घेत नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याला सांगितलं तेव्हा तो हसणार होता, पण आईचा चेहरा पाहून थांबला.

मैत्रेयी मेट्रोने फरीदाबादला आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी वाईट बातमी सांगितली. आपल्या कायद्यात तोंडी जामीनही चालतो. कागद नाही एवढ्यावर सुटका होत नाही. पण तो तू राहिलीस हे त्यांनी दाखवायला हवं, आणि रेकॉर्डिंग सोडून त्यांच्याकडे काही नाही. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधल्या फायली, निरोप, नंबर यांना हात लावता येत नाही. आणि वसुलीवाल्यांनी काही केलं तर ते आमचे नव्हेत असं कंपनीला म्हणता येत नाही. आधी कंपनीकडे तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

“पण मावशी, एक विचारते. रागावू नकोस. तू खरंच बोलली नाहीस ना?”

याचं उत्तर सुमित्राबाईंनाच हवं होतं.

त्यानंतर त्या बोलायच्या बंद झाल्या. म्हणजे अगदी मुक्या नव्हे, पण फोनवर हं नाही की हो नाही. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर मान हलवायच्या. विजयाला निरोप बोलून पाठवायच्या तो लिहून पाठवू लागल्या. तोंडातून गेलेला शब्द कुठे जाऊन बसतो आणि पुढे काय म्हणून उभा राहतो, कुणी सांगावं. आर्यनचा फोन यायचा तो नियमाने, सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सातच्या आत. त्याने कधी आवाज चढवला नाही. सुमित्राबाई फोन उचलायच्या आणि गप्प राहायच्या. तोही काही वेळाने काही न बोलता रेकॉर्डिंग लावायचा. भर दुपारी, बाहेर धुळीने सूर्य पांढरा पडलेला, आणि रिकाम्या घरात त्यांचा आवाज त्यांच्या नवऱ्याला नावाने हाक मारायचा, आणि तो खोकून ओ द्यायचा.

एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण फोनची वाट पाहतो आहोत. त्या खोकल्यासाठी.

मग त्यांनी सिद्धांतने दिलेलं रेकॉर्डिंग स्वतःच लावून ऐकायला सुरुवात केली. पहिल्यांदा खोकल्यासाठी. खूप वेळा ऐकल्यावर त्यांना खोकल्याबद्दल एक शंका आली. हा खोकला रोजचा होता. ‘हं, बोल’ असा. आणि हे त्यांना माहीत होतं की आयुष्यात पहिल्यांदा आपण नावाने हाक मारली असती तर हे असे साधे खोकले नसते. हातातलं पडलं असतं त्यांच्या. उठून आले असते, मिश्कील हसत दारात उभे राहिले असते, चार दिवस विजयाला फोन करकरून सांगितलं असतं. तो माणूस नावाला ओ देत नव्हता. तो ‘अहो’ला ओ देत होता.

म्हणजे त्या नावाच्या खाली कुठेतरी ‘अहो’ होतं.

त्यांनी पुन्हा ऐकलं. खोकल्याच्या शेपटाला, अगदी दबलेली, खालून रस्त्यावरून एक हाक होती. “सिंघाडे ले...” आणि तिथे तुटलेली.

सुमित्राबाई खुर्चीत सरळ बसल्या. सोसायटीच्या फाटकाशी हातगाडी लावणारा तो म्हातारा शिंगाडे विकतो ते दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंत. मग त्याच गाडीवर मटार येतात, मग गाजरं. माघात ताजा शिंगाडा अख्ख्या फरीदाबादेत मागून मिळत नाही.

त्यांनी आपला फोन घेतला आणि विजयाला बोलून पाठवलेले जुने निरोप काढले. दिवाळीच्या आधीचा एक होता. विजयाचे अनारसे तळताना विरघळत होते आणि सुमित्राबाईंनी पीठ कसं आंबवायचं, गूळ किती, सगळं बोलून पाठवलं होतं. तो निरोप पुढे घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर गेला होता, म्हणजे ह्यांच्या फोनवरही होता. मध्येच त्या म्हणत होत्या, “अहो...” खोकला. “गॅस बारीक करा जरा.” आणि त्या दोन्हींच्या मधून, पूर्ण, ठणठणीत, “सिंघाडे ले लो.”

मैत्रेयीला त्यांनी फोन केला नाही, लिहिलं. लवकर ये.

तक्रार मैत्रेयीने लिहिली आणि काही राखून ठेवलं नाही. रेकॉर्डिंगमधला खोकला आणि निरोपातला खोकला एकच आहे. शिंगाडेवाल्याची हाक एकच आहे, ती माघातली असू शकत नाही. तक्रारदार पतीचं नाव कधीही उच्चारत नाही, ‘अहो’ म्हणते, आणि पती त्या हाकेला खोकून प्रतिसाद देत असे, याला बहीण आणि मुलगा साक्षी आहेत. अ‍ॅपने मयताच्या फोनमधले निरोप घेतले, तक्रारदाराचा आवाज त्यातून उभा केला आणि मयताचा आवाज मात्र तसाच चिकटून राहिला. सिद्धांतने दोन्ही आवाजांच्या लाटा स्क्रीनवर एकाखाली एक लावून त्याचं चित्र जोडलं. निघताना म्हणाला, “सॉरी, आई.” सुमित्राबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

कंपनीचं उत्तर मुदतीच्या आत आलं. लोकपालाकडे जायची वेळच आली नाही. जामीन सिद्ध होत नसल्याने दावा मागे घेत आहोत. संबंधित वसुली एजन्सीशी करार संपवला आहे. मयताच्या खात्यातून मूळ रक्कम मिळाल्याने खातं बंद करत आहोत. आपला आवाज आणि आपली इतर सर्व माहिती आमच्याकडून नष्ट करण्यात आली आहे. मैत्रेयी खूश होती. एवढं लवकर कुणी मान तुकवत नाही गं मावशी, घाबरले बघ. सिद्धांतने जिलेबी आणली.

सुमित्राबाईंनी एकच गोष्ट विचारली. ते रेकॉर्डिंग बनवलं कधी? तारीख खोटी होती की फक्त हाक जुनी होती, आणि माझ्या आवाजात ते नाव खरंच आदल्या दिवशी घेतलं गेलं होतं? मैत्रेयी म्हणाली, तारीख काय, कुठलीही घालता येते, ते गेल्यावर बनवून मागची घातली असेल. पण पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. पत्रात त्याबद्दल काहीच नव्हतं. निदान ते मी म्हटलं नाही, असं सुमित्राबाईंनी स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी त्या लिफ्टमध्ये शेजारणीशी मोठ्याने बोलल्या.

पावसाळा उलटला. दसऱ्याला खाली गाडी लागली, शिंगाड्यांची हाक पुन्हा ऐकू येऊ लागली. हवेत धूर उतरला. एका संध्याकाळी, सात वाजायचे होते, सुमित्राबाई देवाशी दिवा लावून उठल्या तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आर्यनचे फोन कधीच थांबले होते, तरी त्यांनी सवयीने उचलला आणि सवयीनेच गप्प राहिल्या.

पलीकडेही कुणी बोललं नाही. रस्त्याचा आवाज नाही, पंख्याची घरघर नाही. स्वच्छ, धुऊन पुसून ठेवल्यासारखी शांतता. मग त्यांचा आवाज आला.

“अहो.”

या खेपेला नाव नव्हतं. या खेपेला काहीही चुकलं नव्हतं. शेवटचा स्वर किंचित लांबवलेला, घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारताना लांबवावा तसा. त्या कसं बोलतात हे आता त्या आवाजाला पक्कं कळलं होतं. कसं कळलं हे सुमित्राबाईंनाही कळलं. तक्रारीत आपणच लिहून दिलं होतं, साक्षीदारांसकट.

आणि ‘अहो’च्या पुढे त्या आवाजाने जागा सोडली होती. खोकल्याएवढी. ती मोकळीच राहिली. थोड्या वेळाने आवाज पुन्हा म्हणाला, “अहो,” आणि पुन्हा थांबला. त्याला कर्जाचं काही बोलायचं नव्हतं, निदान अजून तरी. तो ओ येण्याची वाट पाहत होता.

सुमित्राबाईंनी फोन कानापासून दूर धरला. बंद करायला त्यांचं बोट गेलं आणि तसंच राहिलं. मग त्यांनी तो बाल्कनीशेजारच्या खुर्चीवर ठेवला, पेपर ठेवायच्या जागी, आणि त्या दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

फोनमधून तिसऱ्यांदा हाक आली. खाली म्हाताऱ्याने गाडी ढकलायला घेतली होती, त्याची हाक दूर जात चालली होती. सुमित्राबाईंनी श्वास रोखून धरला. ओ कुठून येते, फोनमधून की खुर्चीतून, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.